पाटल्या परत आणण्याचा हिशेब : ३ लाख ४० हजारांचं कर्ज फेडणाऱ्या एका घराचे पहिले बारा महिने

कर्जफेडीचा निश्चय मोडतो तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. पहिला महिना जोरात जातो. दुसऱ्यात यादीबरहुकूम किराणा येतो. तिसऱ्यात कुणाचं तरी लग्न निघतं, आहेर करावा लागतो, आणि मग प्रश्न येतो : एवढा पोटाला चिमटा काढून कमी काय झालं? त्या प्रश्नाला दाखवण्याजोगं उत्तर घरात नसेल, तर पुढचा महिना जुन्याच वळणावर जातो. हे प्रकरण त्या उत्तराच्या तयारीचं आहे.

घर चिंचवडमधलं, भाड्याचं. चिंचवड-भोसरी पट्ट्यात वारंवार दिसणाऱ्या घरांवरून ते बेतलं आहे. व्याजाचे आणि हप्त्यांचे आकडे मात्र रुपयापर्यंत मोजून काढलेले आहेत. पती चाकणच्या कंपनीत मशिन ऑपरेटर, कामगार पतसंस्थेची कपात जाऊन हातात ३४,५०० रुपये. पत्नी घरी शिलाई करतात, सरासरी ६,००० रुपये. दोन मुलं शाळेत, आईवडील पाटण तालुक्यातल्या गावी.

जूनअखेरची स्थिती

सगळ्यात मोठं देणं वैयक्तिक कर्जाचं : अडीच लाख, ४८ महिने, स्थिर दर १६ टक्के, हप्ता ७,०८५. चौदा हप्ते गेले होते, १,९२,६७० बाकी. क्रेडिट कार्डावर ६४,००० थकलेले. पतसंस्थेचे ४५,०००, दर १२ टक्के, हप्ता २,५०० पगारातूनच कापला जाणारा. मोबाइलचे २,१०० चे पाच हप्ते, म्हणजे १०,५००. मेहुण्यांकडून हातउसने घेतलेले २०,०००. आणि किराणा दुकानातली उधारी ८,४००. ही उधारी पतींना ठाऊकच नव्हती; दुकानदाराच्या वहीतलं पान पत्नींनी पहिल्यांदा त्या दिवशी दाखवलं. एकूण ३,४०,५७०.

अशी लपलेली एखादी रक्कम बहुतेक घरांत असते. ती पहिल्याच बैठकीत बाहेर आली तर बरं. चौथ्या महिन्यात कळली तर पैशांपेक्षा विश्वासाचं नुकसान मोठं होतं, आणि योजना दोघांची राहत नाही. त्या दिवशी भांडण करायचं नाही, फक्त आकडे लिहायचे, एवढं आधी ठरवून बसावं.

महिन्याचा खर्च असा निघाला : भाडं ९,५००, किराणा ८,०००, दूध १,८००, भाजी २,४००, वीज १,१००, गॅस ९००, पेट्रोल २,२००, शाळा आणि व्हॅन ३,२००, रिचार्ज ९००, गावी २,०००, औषधं ७००. बेरीज ३२,७००. त्यावर वैयक्तिक कर्जाचा हप्ता, मोबाइलचा हप्ता आणि कार्डाची किमान रक्कम ३,२०० मिळून १२,३८५. म्हणजे लागतात ४५,०८५ आणि येतात ४०,५००. दर महिन्याला ४,५८५ कमी पडत होते, आणि ही तूट कार्डावर नाहीतर किराणावाल्याच्या वहीत जात होती.

कार्डाचं गणित लोकांना सांगूनही खरं वाटत नाही, म्हणून ते कागदावर मांडून दाखवावं लागतं. महिना ३.५ टक्के दराने ६४,००० वर व्याज २,२४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ४०३. दोन्ही मिळून २,६४३. म्हणजे ३,२०० भरले की मुद्दल कमी होतं ५५७ रुपयांनी, आणि त्याच महिन्यात साडेचार हजारांची नवी खरेदी त्याच कार्डावर. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्ड फिरवल्या दिवसापासून व्याज लागतं. या घराला वाटत होतं की आपण दर महिन्याला कार्डाचे पैसे ‘भरतोय’. भरत होतेच, आणि तरी बाकी महिन्याला चारेक हजारांनी वाढत होती. उत्साह टिकत नाही त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. प्रयत्न खरा असतो, पण तो जिथे पडतो त्या भांड्याला भोक असतं.

काटकसर पुरली नाही

खर्चात कपात झाली ती ३,००० रुपयांची. किराणा ६,८०० वर आला. उधारीवर घेताना रोजची छोटी पाकिटं येतात आणि भाव विचारता येत नाही. तोच माल महिन्याची एकच यादी करून, तेलाचा पाच लिटरचा कॅन आणि सुट्टी डाळ अशा पद्धतीने रोखीत घेतला की फरक पडतो. भाजी २,०००, दर रविवारी ५०० रुपये रोख बाजूला काढून. आठवड्यातले चार दिवस कंपनीची बस धरल्याने पेट्रोल १,४००. रिचार्ज ५५०. औषधं जनऔषधी केंद्रातून, ४५०. गावी जाणाऱ्या २,००० ना हात लावला नाही. आईवडिलांचे पैसे कमी करून केलेली कर्जफेड मनाला लागून राहते, आणि असं मन महिनाभरात बंड करतं.

दोन रकमा मात्र मुद्दाम वाढवल्या. आडवेतिडवे खर्च म्हणून महिना २,०००. गणपतीला गावी जाणं, गाडीचा विमा, शाळेची दुसऱ्या सत्राची फी हे दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारे खर्च ‘अचानक आले’ म्हणून कार्डावर जातात. त्यांना वर्षभर वाटून घेतलं की ते अचानक उरत नाहीत. दुसरी रक्कम दोघांना प्रत्येकी ४०० रुपये हातखर्च. त्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. चहा, वडापाव, गजरा, काहीही. हे ८०० रुपये वाचवायचा मोह सल्ला देणाऱ्यांनाही होतो. आमच्या मते ती चूक आहे. प्रत्येक दहा रुपयांचा जाब द्यावा लागणारं अंदाजपत्रक दोन महिन्यांच्या वर कुणी चालवत नाही.

एवढं करून खर्च ३२,५०० वर आला. दोन हप्त्यांचे ९,१८५ धरले की ४१,६८५, आणि उत्पन्न ४०,५००. कार्डाला द्यायला एक रुपयाही नाही. काटकसरीने कर्ज फिटतं असं सांगणारे इथे गप्प होतात. या घराला व्याजाचा दर खाली आणणं आणि उत्पन्न वाढवणं, दोन्ही लागणार होतं.

उत्पन्नाचा मार्ग शिलाईतच सापडला. पत्नी अस्तराचा ब्लाऊज २५० रुपयांत शिवत होत्या, महिन्याला साधारण वीस. आसपासचा दर ३५० होता. ओळखीच्या बायकांना दर वाढवून सांगणं जड जातं, म्हणून एका पुठ्ठ्यावर नवे दर लिहून मशिनवरच्या भिंतीला लावले. तोंडाने सांगायची वेळ आली नाही. नेहमीची गिऱ्हाइकं टिकली. महिना २,००० वाढले.

दराचा मार्ग पाटल्यांमधून गेला. पत्नींच्या पाटल्यांची जोडी बँकेत तारण ठेवून वार्षिक १० टक्क्यांनी ६४,००० घेतले आणि कार्ड एकरकमी शून्यावर आणलं. २,६४३ च्या जागी महिन्याचं व्याज ५३३. हा निर्णय पतींनी सुचवू नये, पत्नींनी घ्यावा. इथे तसाच झाला. पावतीवर दागिन्याचं एकूण आणि निव्वळ वजन ग्रॅममध्ये आहे का ते काउंटर सोडण्याआधी पाहावं. सोनेतारणाची मुदत १२ महिने होती आणि व्याज शेवटी एकदम भरलं तरी चालणार होतं. ती सवलत नाकारून व्याज दरमहा कापून घ्यायची सूचना खात्याला दिली, नाहीतर वर्षाने ६,४०० रुपये एकदम उभे राहतात.

कार्डाची बाकी शून्यावर आणताना एक गोष्ट हमखास चुकते. बिल निघाल्यावर १३व्या दिवशी पूर्ण रक्कम भरली, तरी त्या १३ दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. इथे जीएसटीसह १,१४६ रुपये आले. ‘आपण तर सगळं भरलं’ म्हणून लोक ते बिल उघडतही नाहीत, आणि विलंब शुल्क सुरू होतं. यांनी ते वाट पाहून त्याच दिवशी भरलं.

आणखी एक दुरुस्ती तारखेची. हप्ता ५ तारखेला कापला जाई आणि पगार ७ ला येई. मागच्या वर्षी दोनदा हप्ता परत गेला. दर वेळी बँकेचा आणि कर्ज देणाऱ्याचा असा दोन्हीकडून दंड, वर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या, नोंदीत डाग. अर्ज करून तारीख १० करून घेतली. एका पानाचा अर्ज, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली धडधड गेली.

आता उत्पन्न ४२,५००. खर्च, दोन हप्ते आणि सोनेतारणाचं व्याज मिळून ४२,२१८. शिल्लक २८२ रुपये.

रिकामे पाच महिने

ही २८२ रुपयांची शिल्लक हीच या प्रकरणाची खरी अडचण. मोबाइलचे हप्ते नोव्हेंबरपर्यंत चालणार, म्हणजे जुलै ते नोव्हेंबर महिन्याच्या पैशांतून सोनेतारणाचं मुद्दल जागचं हलणार नव्हतं. घर पूर्वीपेक्षा शिस्तीत चाललेलं आणि दिसायला काहीच बदललेलं नाही. याच काळासाठी दोन गोष्टी आधीच तयार ठेवल्या होत्या.

पहिली भिंतीवरची. स्वयंपाकघरात कालनिर्णय होतंच, दुधाचे खाडे त्याच्यावरच लिहिले जात. त्याच पानावर, १० तारखेच्या चौकोनात, त्या महिन्याच्या हप्त्यातून किती मुद्दल गेलं तो आकडा लाल पेनाने लिहायचा. हप्ता ७,०८५ तोच राहतो, पण त्यातला मुद्दलाचा वाटा दर महिन्याला वाढतो : जुलैत ४,५१६, ऑगस्टमध्ये ४,५७६, पुढच्या जूनमध्ये ५,२२४. परतफेडीचा तक्ता कर्ज देणाऱ्याकडून मागून घेतला की हे आकडे तयार मिळतात. ‘हप्ता गेला’ आणि ‘साडेचार हजार कर्ज मेलं’ ही एकाच घटनेची दोन नावं आहेत, पण १० तारखेला घरात कुठलं नाव घेतलं जातं त्याने फार फरक पडतो. शेजारी मुलीने चौकोनी वहीच्या कागदावर ६४ चौकोन आखले. पाटल्यांचा एक हजार फिटला की एक चौकोन लाल.

दुसरी गोष्ट दिवाळी. बोनस २४,००० येणार होता, आणि तो कुठे जाणार हे जुलैतच कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. बोनस हातात आल्यावर ठरवायला बसलं की तो टीव्हीत जातो. वाटणी अशी : किराणा उधारी पूर्ण ८,४००, दिवाळीचा फराळ आणि मुलांचे कपडे ५,०००, सोनेतारण १०,६००. दुकानदाराला जुलैतच स्पष्ट सांगितलं की दिवाळीला सगळी वही साफ होईल, तोवर नवी उधारी घेणार नाही. किरकोळ माल त्याच्याकडूनच रोखीत घेत राहिले. टाळून दुसऱ्या गल्लीने जाण्यापेक्षा हे बरं, आणि दुकानदारांनी तगादा थांबवला.

इथे एक वाद नेहमी होतो. १६ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज असताना १० टक्क्यांचं सोनेतारण आधी का फेडायचं? एरवी नियम बरोबर आहे, महाग कर्ज आधी. पण हे कर्ज स्थिर दराचं होतं आणि मुदतीआधी भरलेल्या रकमेवर ४ टक्के आणि त्यावर जीएसटी, असा ४.७२ टक्के आकार होता. (बदलत्या दराच्या, व्यवसायासाठी न घेतलेल्या वैयक्तिक कर्जांवर असा आकार घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तुमच्या करारात दर कोणता ते आधी पाहा.) पहिल्या वर्षात जास्तीचे जितके पैसे भरता आले, त्यावर व्याजातला फरक निघतो ६६० रुपयांच्या आसपास, आणि दंड बसला असता १,०९३. शिवाय पाटल्या परत येतात, हातात घालता येतात. वैयक्तिक कर्जाच्या आकड्यासाठी कुणी हातखर्च आवरत नाही, पाटल्यांसाठी आवरतात. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅक्शेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या कर्जदारांच्या अभ्यासातही असंच दिसलं होतं : ज्यांची खाती एकेक करून पूर्ण बंद होत गेली, ते शेवटपर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त होती, रक्कम किती फिटली त्यापलीकडे. फक्त हा आधार घेऊन ४२ टक्क्यांचं कार्ड मागे ठेवू नये. आधी भोक बुजवायचं, मग क्रम आपल्या मनाच्या सोयीचा.

दिवाळीत उधारीच्या पानावर दुकानदारांनी आडवी रेघ मारून दिली. ते पान घरी आणून कालनिर्णयच्या खिळ्याला अडकवलं. सोनेतारण ५३,४०० वर आलं, दहा चौकोन एकदम लाल झाले. नोव्हेंबरात मोबाइलचा शेवटचा हप्ता गेला. ना देय दाखला मागून घेतला, त्यासोबत मिळालेलं हप्त्यांचं कार्डही बंद करायला लावलं. ते चालू राहिलं की पुढच्या खरेदीचं आमंत्रण आणि कधी वार्षिक शुल्क, दोन्ही येतात.

डिसेंबरपासून मोबाइलचे २,१००, शिल्लक २८२ आणि व्याजाचे ५३३ अशी २,९१५ ची ठरलेली रक्कम सोनेतारणाला जाऊ लागली. व्याज घटेल तसा मुद्दलाचा वाटा वाढत गेला. जानेवारीअखेर बाकी ४८,४३९.

फेब्रुवारी

गावी वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. खर्च ९,०००. आडव्यातिडव्या खर्चाच्या पेटीत जुलैपासूनचे १६,००० जमले होते, पण गणपती, विमा आणि शाळेच्या फीमध्ये १२,००० गेले होते. उरलेले ४,००० दिले आणि ५,००० साठी पुन्हा कार्ड फिरवलं.

रक्कम मोठी नव्हती, पण मार्चमध्ये कालनिर्णयवर एकही लाल आकडा पडला नाही. पतींचं म्हणणं, ‘फिरून तिथेच आलो, आता लिहून काय उपयोग?’ असं वाटू लागणं हा या सगळ्या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा टप्पा, कारण यानंतरचा खर्च कुणी मोजत नाही. त्यावर समजूत घालून उपयोग होत नाही, बेरीज करून दाखवावी लागते. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये सोनेतारणाचं फक्त व्याज भरलं, आणि मुद्दलाचे वाचलेले ५,०२२ रुपये कार्डाच्या बिलाला लावले. कार्ड आधी शून्यावर असल्याने बिनव्याजी मुदत मिळाली होती. शेवटच्या तारखेआधी पूर्ण भरलं, व्याज शून्य. त्याच दोन महिन्यांत वैयक्तिक कर्जातून ९,९७६ आणि पतसंस्थेतून ४,४१८ मुद्दल कमी झालं. म्हणजे ज्या महिन्यांना ‘वाया गेले’ म्हटलं जात होतं, त्यात घराचं कर्ज १४,३९४ रुपयांनी उतरलं होतं. एप्रिलच्या बैठकीत हे आकडे मागच्या तारखांना निळ्या पेनाने लिहिले. निळा म्हणजे थांबलो, मागे गेलो नाही.

कार्डाची मर्यादा मात्र त्याच दिवशी ॲपमधून १५,००० वर आणली आणि जेवण मागवायच्या, खरेदीच्या सगळ्या ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाकला. यूपीआयही पगाराच्या खात्यावरून काढून दुसऱ्या एका खात्याला जोडलं, ज्यात फक्त त्या महिन्याचा घरखर्च असतो.

एप्रिलमध्येच वैयक्तिक कर्ज देणाऱ्याकडून फोन आला : हप्ते वेळेवर जात आहेत, एक लाखाचं टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावरच आणखी कर्ज, मंजूर आहे, हप्ता तोच ७,०८५ राहील. वाक्य अगदी खरं आहे, आणि म्हणूनच फसवं. मार्चचा हप्ता धरून २३ भरून झाले होते, बाकी १,४९,७९०. त्यात लाख मिळवले की २,४९,७९०, म्हणजे जवळजवळ मूळचे अडीच लाख. हप्ता तोच, पण राहिलेले २५ हप्ते पुन्हा ४८ होणार. टॉप-अपच्या फोनवर एकच प्रश्न विचारावा : आज किती हप्ते राहिलेत आणि उद्या किती राहतील? पत्नींनी तो विचारला. पलीकडून पुन्हा हप्त्याचाच आकडा आला. त्यांनी फोन ठेवला.

जूनअखेर

सोनेतारण ४०,८४३. वैयक्तिक कर्ज १,३४,३२२. पतसंस्था १९,००१. मेहुण्यांचे २०,००० तसेच, पण त्यांना दिवाळीची तारीख सांगून झाली आहे. दुसऱ्या बोनसमधला पहिला वाटा त्यांचा. एकूण २,१४,१६६. वर्षात १,२६,४०० कमी.

सोनेतारणाची मुदत संपताना बँकेत जाऊन नूतनीकरण करावं लागतं. ते विसरलं तर नोटीस आणि पुढे लिलावापर्यंत गोष्ट जाते, म्हणून तारीख नव्या कालनिर्णयच्या जूनच्या पानावर आधीच लिहिलेली होती. दागिने पुन्हा तोलले, वजन जुन्या पावतीशी ताडून पाहिलं, उरलेल्या रकमेची नवी पावती घेतली.

याच चालीने गेलं तर पुढच्या फेब्रुवारीत पतसंस्थेचा शेवटचा हप्ता, मार्चपासून २,५०० मोकळे, आणि पाटल्या त्यानंतरच्या जूनमध्ये घरी. तेव्हा वैयक्तिक कर्जाचे दहा हप्ते राहिलेले असतील. मुलीच्या कागदावर आज २३ चौकोन लाल आहेत, ४१ कोरे. जुलैच्या पानावर १० तारखेला लिहायचा आकडा ५,२९४.